भूकंपानंतरची झोप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून आणि गणपती बोळवून गावे नुकतीच झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. याहून मोठे भूकंप जगात दर वर्षी होतात आणि त्यांतल्या अनेकांची बातमी आपल्यापर्यंत पोहोचतही नाही; पण या भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, आणि वर जी घरे होती ती दगड-मातीची, दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंतींची, डोक्यावर लाकूड आणि मातीचे जड माळवद असलेली होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हे माळवद पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवले जात. ते सगळे वजन झोपलेल्या माणसांवर आले. मृतांचे आकडे अहवालागणिक वेगळे सापडतात, आठ हजारांच्या आसपासपासून दहा हजारांच्या जवळपासपर्यंत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली.

भूकंपाच्या शास्त्राविषयी, घरांच्या बांधणीविषयी आणि पुनर्वसनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या झोपेविषयी. माझ्या एक मामी, म्हणजे आईच्या चुलतभावाच्या पत्नी, उमरगा तालुक्यातल्या अशाच एका गावात राहत होत्या. त्या पहाटे त्यांच्या सासूबाई आणि थोरला मुलगा गेला. मामा, मामी आणि धाकटी मुलगी वाचली.

पुढे कितीतरी वर्षे मामी छताखाली झोपल्या नाहीत. थंडीतही त्यांचे अंथरूण अंगणात असे, आणि पाऊस असला तर उंबऱ्यालगत, दाराला कडी न घालता. उशाशी बॅटरी आणि चपला. नवे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गापासून फार लांब नाही, आणि रात्री लोखंडाने भरलेला एखादा ट्रक गेला की त्याची घरघर कानांच्या आधी जमिनीतून कळते. मी तिथे मुक्कामाला असताना पाहिले आहे, की अशा वेळी मामी ओरडत नसत, दचकून उठूनही बसत नसत. त्यांचा उजवा हात अंधारात सरळ भिंतीकडे जाई आणि तळवा भिंतीवर सपाट टेके. भिंत हलते आहे का, हे तो हात पाहत असे. मग काही क्षणांनी ‘गाडी हाय’ असे त्या पुटपुटत, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांचा श्वास ऐकू येत राही.

नातेवाइकांचे म्हणणे असे, की इतकी वर्षे झाली, आता मन घट्ट करायला हवे. या सांगण्यात दुष्टावा मुळीच नव्हता. सांगणाऱ्यांपैकी काहींनी स्वतःची माणसे त्याच पहाटे गमावली होती. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, आणि ताण व आघात हे प्रकरण आले की दर वर्षी मला वाटते, की असा सल्ला देणारा माणूस मेंदूच्या नेमक्या त्याच भागाला साकडे घालत असतो जो त्या क्षणी कामावर नसतो.

कानाकडून आलेला धोक्याचा आवाज मेंदूत दोन वाटांनी पुढे जातो, हे न्यूयॉर्कच्या जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. एक वाट थॅलॅमसपासून, म्हणजे इंद्रियांकडून आलेली माहिती पुढे धाडणाऱ्या भागापासून, थेट अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाकडे जाते. ती जवळची आहे, पण तिच्यावरून जाणारी माहिती ढोबळ असते: घरघर आहे, खालून येते आहे, एवढेच. दुसरी वाट मेंदूच्या बाह्य आवरणातून फिरून येते. तिला थोडा अधिक वेळ लागतो, पण हा ट्रक आहे आणि तो हैदराबादकडे चालला आहे, हे तीच सांगू शकते. मामींचा हात भिंतीकडे जायचा तो पहिल्या वाटेवर, आणि ‘गाडी हाय’ हे दुसऱ्या वाटेवरची बातमी पोहोचल्यावरचे बोलणे होते, असे मी मनाशी जुळवले आहे. लेडूंनीच पुढे बजावले, की अमिग्डालाला भीतीचे केंद्र म्हणणे बरोबर नाही. तो भाग शरीराला बचावाच्या तयारीला लावतो, आणि ‘मला भीती वाटते आहे’ ही जाणीव मेंदूच्या इतर भागांशिवाय होत नाही. हा भेद मामींना नेमका लागू पडतो. विचारले तर त्या सांगत, ‘भ्या नाई वाटत आता.’ ते खोटे नव्हते. भीती वाटण्याआधीच त्यांचा हात उठलेला असे.

अमिग्डालाकडून इशारा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला मिळतो आणि तिथून दोन यंत्रणा हलतात. पहिली मज्जातंतूंची, तडकाफडकीची: मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींतून काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी लढण्याची किंवा पळण्याची तयारी म्हणून जिचे वर्णन केले, ती हीच अवस्था. दुसरी यंत्रणा संथ आहे. हायपोथॅलॅमस त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी अ‍ॅड्रेनलला कळवते, आणि मग कॉर्टिसॉल स्रवते, ज्याची पातळी शिगेला पोहोचायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचे विष, असा जो समज अलीकडे पसरला आहे तो या बिचाऱ्या संप्रेरकावर अन्याय करणारा आहे. ते शरीराला साखर पुरवते, दाह आवरते, आणि मुख्य म्हणजे काम झाल्यावर स्वतःच मेंदूकडे परत जाऊन ही सगळी साखळी थांबवते; टाकी भरली की मोटार बंद करणारा फ्लोट असतो, तसे. थांबण्याची ही सूचना वाचणाऱ्या भागांत हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, महत्त्वाचा आहे. १९६८ मध्ये ब्रूस मॅकईवन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी हे संप्रेरक धरून ठेवतात असे दाखवले, तोवर ताण हा ग्रंथींचा विषय मानला जाई. तिथून तो स्मृतीचाही विषय झाला. मात्र आघातानंतर कॉर्टिसॉल नेहमी वाढलेलेच असते असे समजू नये. रेचल येहुदा यांना आघातोत्तर ताणाच्या अनेक रुग्णांत ते उलट कमी आढळले, म्हणजे थांबवणारी यंत्रणाच वेगळ्या मापावर बसलेली होती.

कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा मेंदूचा विचार करणारा, तोलून पाहणारा, उसळलेल्या भावनेला ‘थांब जरा’ म्हणणारा भाग. मन घट्ट करायचे असेल तर ते यानेच करायचे. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टेन यांनी अनेक वर्षांच्या कामातून असे दाखवले, की नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही रसायने मध्यम प्रमाणात असताना या भागातल्या पेशींची जुळणी उत्तम चालते, पण तीव्र आणि आवाक्याबाहेरच्या ताणात त्यांचे प्रमाण वाढले की हीच जुळणी काही मिनिटांत सैल पडते आणि कारभार सवयींकडे व अमिग्डालाकडे जातो. निसर्गाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. भिंत कोसळत असताना विचार करत बसणारा वाचत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटते, कारण तोंडी परीक्षेत पाठ असलेले उत्तर ऐन वेळी पळून जाण्याचा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी असतो. पण परीक्षेचा ताण दालनाच्या दारातून बाहेर पडताच उतरू लागतो. ज्यांचा पायाखालच्या जमिनीवरचाच विश्वास उडाला, आणि ज्यांना त्यानंतर कित्येक महिने लहानमोठे धक्के बसत राहिले, त्यांनी कोणत्या दारातून बाहेर पडायचे?

आवाक्याबाहेरचा, हा शब्द इथे सहज आलेला नाही. तेवढाच ताण असला तरी तो थांबवणे आपल्या हाती आहे असे वाटत असेल तर प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पुष्कळ तग धरतो. मामींची उघडी कडी आणि उशाची बॅटरी मला त्या दृष्टीने दिसते. घरातले लोक याला खूळ म्हणत. मला ती दोन वस्तूंनी उभी केलेली, थोडीशी का होईना, स्वतःची सत्ता वाटते.

स्मरणाचे प्रकरण आणखी चमत्कारिक आहे. मामींना त्या पहाटेच्या काही गोष्टी लख्ख आठवतात: तोंडात गेलेल्या मातीची चव, कुणाच्या तरी गोठ्यातल्या म्हशीचे ओरडणे, मनगटात रुतलेली फुटकी बांगडी. पण आपण बाहेर कसे आलो, कोणी ओढले, मुलाला कधी नेले, याचा क्रम त्यांना कधीच नीट लावता आला नाही, आणि प्रत्येक वेळी सांगताना तो थोडा बदले. अशा वेळी ऐकणाऱ्याला वाटते की बाई काहीतरी लपवते आहे, आणि मदतीची यादी करणाऱ्याला वाटते की ती वाढवून सांगते आहे. वास्तविक घटनेला जागा, वेळ आणि क्रम देण्याचे काम हिप्पोकॅम्पसचे. अतितीव्र ताणात ते काम ढिले पडते, तर अमिग्डालाशी निगडित असलेले वास, आवाज आणि स्पर्श खोल कोरले जातात. परिणामी जी आठवण उरते तिच्यावर तारीख नसते. ती ‘तेव्हा झाले’ म्हणून परत येत नाही, ‘आता होते आहे’ म्हणून येते. मामी सांगू लागल्या की दोन-चार वाक्यांतच भूतकाळ सुटत असे. ‘माती पडायलीय, पोरगं हाक मारायलंय,’ असे त्या म्हणत, आणि समोर बसलेल्याला काय करावे ते कळत नसे.

आघाताच्या या शास्त्राचे काही मोलाचे धागे आपल्या देशात विणले गेले आहेत, आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाहीत याची मला खंत आहे. बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले आणि नंतर त्यांच्या मेंदूतल्या पेशी पाहिल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या, आणि त्याच उंदरांच्या अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या वाढल्या होत्या. एकाच ताणाने एक भाग खुरटला आणि दुसरा फोफावला. दोन वर्षांनी याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: ताण थांबवून उंदरांना एकवीस दिवस निवांत राहू दिले तर काय होते? हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डालाच्या झाल्या नाहीत, आणि उंदरांचा बुजरेपणाही गेला नाही.

तिसरा प्रयोग मला सर्वांत अस्वस्थ करतो. २००५ मध्ये त्यांनी दाखवले, की एकदाच, फक्त दोन तास जखडून ठेवलेल्या उंदराच्या अमिग्डालात दुसऱ्या दिवशी काहीच फरक दिसत नाही. दहा दिवसांनी पाहिले तर तिथल्या पेशींवर नव्या जोडण्यांचे काटे वाढलेले असतात आणि उंदीर भित्रा झालेला असतो. मधल्या काळात त्याला कोणी हातही लावलेला नसतो. हे वाचले तेव्हा मला मामींच्या भावाचे बोलणे आठवले. ते म्हणत, की पहिले आठ-दहा दिवस ताई अगदी ठीक होती, रांगेत उभी राहून धान्य आणत होती, दुसऱ्यांच्या बायकांना धीर देत होती, आणि मग एकाएकी बिघडली. उंदराचे दिवस माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मी वर्गात ठासून सांगते. तरीही माझ्या मनात येते, की आपल्याकडे दुःखाच्या घरची वर्दळ तेराव्यापर्यंत असते, मदतीच्या गाड्या आणि कॅमेरेही साधारण तितकेच दिवस थांबतात, आणि मेंदूचा हिशेब कदाचित त्या सुमारास कुठे सुरू होत असतो.

या टप्प्यावर थोडे सावध व्हायला हवे, कारण मेंदूची चित्रे दाखवून काहीही पटवता येते. आघातोत्तर ताण हा विकार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आला, तो मुख्यतः व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे. या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळला, तेव्हा आघाताने तो झिजला असे सरसकट म्हटले जाऊ लागले. मग २००२ मध्ये जुळ्या भावांचा एक अभ्यास आला. त्यात एक भाऊ युद्धावर गेलेला होता आणि दुसरा घरी राहिलेला. ज्या सैनिकांना तीव्र विकार होता त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच, पण त्यांच्या घरी राहिलेल्या, युद्ध न पाहिलेल्या जुळ्या भावाचाही तो तसाच लहान होता. म्हणजे काही अंशी तरी ही आघाताची खूण नसून आघात बाधण्याची आधीचीच शक्यता असावी. शिवाय कोणत्याही मोठ्या आपत्तीनंतर बहुसंख्य माणसे काही महिन्यांत, उपचारांशिवायही, सावरतात. मामींच्या गल्लीतल्या अनेक बायका वर्षभरात घरात झोपू लागल्या होत्या. त्या अधिक खंबीर होत्या आणि मामी कमकुवत, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे आणि बहुधा चुकीचे आहे; कोणाचे काय गेले, कोण किती वेळ ढिगाऱ्याखाली होते, आधीचे आयुष्य कसे होते, नंतर शेजारी कोण होते, एवढे सगळे त्यात मिसळलेले असते.

खंबीर म्हणून गावात ज्यांचे नाव झाले ते मामा. त्या दिवशी त्यांनी उजाडल्यापासून दुसऱ्यांच्या घरांचे दगड उपसले, आपल्या आईला आणि मुलाला स्वतः अग्नी दिला, आणि त्यांना रडताना कोणी पाहिले नाही. त्यांच्या झोपेची कधी तक्रार नव्हती. पण पुढे घरात चहा गार मिळाला तर कप भिंतीवर जाई, मुलीला शाळेतून यायला थोडा उशीर झाला तर तिला मार बसे, आणि तासाभराने तेच मामा तिच्यासाठी दुकानातून काहीतरी घेऊन येत. भावना आवरण्याच्या दोन तऱ्हा स्टॅनफर्डच्या जेम्स ग्रॉस यांनी वेगळ्या करून दाखवल्या आहेत. एका तऱ्हेत माणूस घटनेकडे वेगळ्या अर्थाने पाहतो, आणि मग भावनेचा जोर मुळातच ओसरतो. दुसऱ्या तऱ्हेत भावना आत तशीच राहते, फक्त चेहऱ्यावर येऊ दिली जात नाही. या दुसऱ्या तऱ्हेत चेहरा शांत दिसतो, पण शरीराची धावपळ कमी होत नाही, काही बाबतींत वाढतेच. आपल्याकडे पुरुषाच्या धीराचे जे कौतुक होते ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या तऱ्हेचे असते. मामींच्या अंगणातल्या अंथरुणाची चर्चा पै-पाहुण्यांत वर्षानुवर्षे झाली. मामांच्या रागाला मात्र सगळे ‘स्वभाव’ म्हणत.

भूकंप झाला त्याच १९९३ साली मॅकईवन आणि एलियट स्टेलर यांनी एक कल्पना मांडली, की शरीर प्रत्येक ताणाशी जुळवून घेते, पण त्या जुळवून घेण्याचीच किंमत हळूहळू साचत जाते. रक्तदाबात, रक्तवाहिन्यांत, साखरेत, झोपेत. मामा पुढे हृदयविकाराने गेले. त्याचा भूकंपाशी धागा जोडण्याचा अधिकार मला नाही, कारण तंबाखू होती, वय होते, घराण्यात रोग होता. जोडावासा वाटतो, एवढे मात्र खरे.

भावना आवरणे हे एकट्याचे काम आहे, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. २००६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेम्स कोन यांनी विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये निजवून, आता विजेचा सौम्य झटका बसू शकेल अशी सूचना दिली, आणि त्या वेळी कधी त्यांना नवऱ्याचा हात धरू दिला, कधी अनोळखी माणसाचा, कधी कोणाचाच नाही. हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ कमी झाली. नवऱ्याच्या हाताने अधिक, आणि संसार जितका समाधानाचा तितकी अधिक. स्त्रियांना कोणी समजावले नव्हते, मन घट्ट करायला सांगितले नव्हते. जवळच्या माणसाचा स्पर्श असला की मेंदू मुळातच कमी घाबरतो. दुखवट्याला आलेल्या बायका आपल्याकडे दुःखी बाईच्या अगदी अंगाला अंग लावून बसतात, फारसे बोलत नाहीत, मध्येच तिच्या पाठीवरून हात फिरवतात. लहानपणी मला तो प्रकार गुदमरवणारा वाटे. आता वाटतो तो त्या क्षणी करता येण्याजोगा सर्वांत शहाणपणाचा उपाय.

म्हणूनच पुनर्वसनाकडे पाहताना माझी तक्रार घरांच्या मजबुतीविषयी नाही. जागतिक बँकेच्या मदतीने आणि अनेक संस्थांच्या कष्टाने जी घरे उभी राहिली ती जुन्या माळवदांपेक्षा निश्चितच सुरक्षित होती. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, तापत्या उन्हात काढलेल्या दिवसांनंतर लोकांना ती हवीच होती. पण जुन्या गावात गल्ली होती, भावकीची घरे भिंतीला भिंत लावून होती, एका घरातले खोकणे दुसऱ्या घरात कळे. नव्या गावांतून शहरासारखे सरळ रुंद रस्ते आणि सुटे सुटे भूखंड आले, गावाचा पसारा कितीतरी पटींनी वाढला. मामींच्या शेजारच्या जाऊबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पूर्वी रात्री जाग आली की मामी बसल्या जागेवरून त्यांना हाक मारू शकत. आता तेवढ्यासाठी अंधारातून चालत जावे लागले असते. भिंती भूकंप सोसतील अशा झाल्या आणि हाक मात्र ऐकू जाईनाशी झाली. आराखडा काढणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे नाही. त्यांच्या कागदावर हाकेचे अंतर मोजण्याची सोय नव्हती.

बोलते केल्याने मन मोकळे होते, असा समज घेऊन आपत्तीनंतर शहरांतून उत्साही स्वयंसेवक येतात, आणि दोन तासांत माणसाकडून सगळे वदवून घेतात. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत असे खणून काढण्याचा उपयोग होत नाही, काहींना त्याने अपायही होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटना आता मानसिक प्रथमोपचारावर भर देते: सुरक्षित जागा, अन्न, पाणी, आपल्या माणसांची गाठ, खरी माहिती, आणि बोलायचे असेल तर ऐकणारा कोणी. हे वाचताना फार साधे वाटते. पण वरची सगळी यंत्रणा लक्षात घेतली तर कळते, की ‘धोका टळला’ हे अमिग्डालाला पटवून देणारे पुरावे हेच आहेत.

जेव्हा महिने उलटूनही माणूस त्या पहाटेतच अडकून राहतो, तेव्हा मात्र शास्त्रशुद्ध उपचार लागतात आणि ते गुणही देतात. त्यांतल्या बहुतेकांचे मर्म एकच आहे: प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, झेपेल त्या गतीने, त्या आठवणीकडे आणि टाळलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा जाणे. याने जुनी भीती पुसली जात नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी गाजलेल्या पावलॉव्हलाही हे ठाऊक होते, आणि उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांनी त्याची जागाही दाखवली: ‘आता धोका नाही’ हे नवे शिक्षण प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या आतल्या बाजूला नोंदले जाते आणि तिथून अमिग्डालाला आवर घालते. जुना धडा शेजारी शाबूत असतो. म्हणून नवे शिक्षण ज्या जागी झाले त्या जागी उत्तम चालते आणि दुसरीकडे गडबडते.

मामींना असे उपचार कधी मिळाले नाहीत. नातू झाला तेव्हा त्याला थंडी बाधू नये म्हणून त्या घरात झोपू लागल्या, आधी दार उघडे ठेवून, मग लोटून घेऊन, आणि पुढे केव्हातरी कडी लावून. कोणत्याही तज्ज्ञाने याहून वेगळी पायरी-पायरीची योजना आखली नसती. पण सोलापूरला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी त्या आल्या, तेव्हा रात्रभर सोफ्यावर टेकून बसल्या होत्या, पायांत चपला घालून. आणि २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीतून आवाज येऊ लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मामींचे अंथरूण पुन्हा अंगणात गेले, नातवाच्या अंथरुणासकट. त्यांची मुलगी मला फोनवर काळजीने म्हणाली, की आई पहिल्यावर आली. मला तसे वाटले नाही. त्या भागातले आणखी बरेच लोक त्या दिवसांत बाहेर झोपत होते, आणि बातम्या थांबल्यावर मामी काही दिवसांतच आत आल्या. १९९३ नंतर त्याच गोष्टीला वर्षे लागली होती.

बेंगळुरूच्या उंदरांची हकीकत मी त्यांना एकदा सांगितली. त्या शेंगा फोडत होत्या. दहा दिवस जखडून ठेवले, मग एकवीस दिवस मोकळे सोडले, तरी भीती गेली नाही, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘उंदराला सोडलं तरी एकवीस दिस. आमाला कुणी सोडलं, माय?’ थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, की मग त्या उंदरांचे पुढे काय केले. मी खरे ते सांगितले, की मेंदूतल्या पेशी पाहायच्या तर त्यांना मारावेच लागते.

‘मंग काय कळलं गं तुमाला?’ मामी म्हणाल्या. ‘उंदीर तर गेलाच की.’